डिजिटलनंतर पुन्हा फिल्म: ३६ फ्रेमचा हिशेब

डिजिटल कॅमेरा घरात आहे, मोबाईल खिशात आहे, मग आज कुणी पुन्हा रोल का भरायचा? नेहमीचं उत्तर असतं की फिल्मचा लूक वेगळा. पण तसा लूक आता ॲपमध्येही मिळतो. मला कारण दुसरं वाटतं. डिजिटलमध्ये आपण आधी भरपूर काढतो आणि नंतर निवडतो. फिल्ममध्ये निवड बटण दाबायच्या आधी करावी लागते, कारण रोलमध्ये फ्रेम ३६च.

नळदुर्गच्या किल्ल्याचं उदाहरण घ्या. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बाहेर रखरखीत ऊन, आत काळ्या दगडाचा अंधार. डिजिटलवर आपण आकाश जळू नये म्हणून एक्स्पोजर कमी ठेवतो आणि सावली नंतर संगणकावर उजळतो. निगेटिव्ह फिल्मवर हे उलटं होतं. सावलीत जे नोंदलंच गेलं नाही, ते नंतर कुठूनही आणता येत नाही. उजेडाची बाजू मात्र फिल्म एक-दोन स्टॉप जास्त झाली तरी सांभाळून घेते. म्हणून मीटर सावलीवर धरायचा आणि तो सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे. सावली काळीच दिसते, पण दगडाचा पोत राहतो.

आता आपल्याकडची खरी अडचण, ती म्हणजे उन्हाळा. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुता येतो, पण कंपनीच्या तक्त्यातल्या वेळा बहुधा २० अंशांच्या असतात. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३० च्या वर जातं. डेव्हलपर गरम असला की काम फार झपाट्यानं होतं. वेळ ५ मिनिटांच्या आत आली, की रोल एकसारखा निघत नाही, डाग-पट्टे उमटतात.

मग करायचं काय? डेव्हलपर पातळ करायचा. इलफोर्डची एचपी५ प्लस ४०० वर काढलीत, तर आयडी-११ च्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. त्यात तेवढंच पाणी घातलं की १३. हेच पातळ द्रावण २४ अंशांवर वापरलं तर साधारण ९ मिनिटं, म्हणजे हातात पुरेसा वेळ राहतो. २४ अंश गाठायला बादलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात ठेवल्या की झालं. फिक्सर आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं. एकदम गार-गरम झालं, तर जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडू शकतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर शेवटी हातात निगेटिव्ह येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून जवळपास १०,००० माणसं गेली. त्यांचे लग्नाचे, बारशाचे फोटो फिल्मवरचे होते. अल्बम ढिगाऱ्यात गेला, तरी निगेटिव्ह दुसऱ्या गावी कुणाकडे राहिली असेल, तर तो चेहरा आजही पुन्हा छापता येतो.

डिजिटल फोटोच्या दहा प्रती करता येतात, हे अगदी खरं. पण त्या कुणीतरी सतत सांभाळाव्या लागतात. हार्डडिस्क बिघडते, पासवर्ड माणसाबरोबर जातो. निगेटिव्ह तीस वर्षं डब्यात पडून राहिली, तरी खिडकीच्या उजेडात धरली की माणूस ओळखू येतो. तिला हवी फक्त कोरडी जागा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

तेव्हा डिजिटल सोडा असं मी म्हणत नाही. वर्षाकाठी दोन रोल काढा, घरच्या माणसांचे काढा, आणि प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर वहीत लिहा. आणि कपाटात स्टुडिओचं जुनं पाकीट सापडलं, तर फोटो काढून घेऊन निगेटिव्ह फेकू नका. खरी मूळ प्रत तीच आहे.

आता प्रश्न घेऊया.