रिकाम्या कप्प्यालाही रंग हवा

अंगणवाडीतल्या मुलांच्या मोजमापांची एक्सेल शीट रंगवायला दोन मिनिटं पुरतात. दंडघेराचा रकाना निवडायचा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये तीन नियम लावायचे: 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, 12.5 च्या खाली पिवळा, त्यापुढे हिरवा. शेकडो ओळींतली तीव्र कुपोषित मुलं, म्हणजे सरकारी भाषेतली ‘सॅम’, लगेच नजरेत भरतात. शहादा तालुक्यात गोमाई-तापीकाठची ऊस-केळीची गावं आणि सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी पाडे एकाच यादीत येतात. तिथे ही सोय मोलाचीच आहे. मात्र कप्प्याला रंग देतो तो कुणीतरी लिहिलेला नियम, आणि नियमाला जे विचारलेलं नाही ते तो सांगत नाही. म्हणून शीट रंगवताना सगळ्यात आधी विचार करायचा तो रिकाम्या कप्प्याचा.

नियम कसा चुकतो ते एका कप्प्यापाशी थांबून पाहावं. कुणी 11.4 ऐवजी ‘11.4 सेमी’ असं टाइप केलं, की एक्सेलच्या लेखी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. आणि तुलनेत मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. लाल व्हायला हवं ते मूल अशाने हिरव्यात जाऊन बसतं. रिकाम्या कप्प्याची गत उलटी. सूत्र लिहून नियम केला, तर रिकामा कप्पा शून्य समजला जातो आणि लाल होतो. हा खोटा लाल नको म्हणून रिकामे कप्पे वगळायची अट घातली जाते. मग ते पांढरे राहतात आणि पांढऱ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात, लेकरंही सोबत जातात. त्या महिन्यांतले पांढरे कप्पे बहुधा याच लेकरांचे. टक्केवारी मोजलेल्या मुलांवर काढली, तर ज्यांना धोका जास्त तीच हिशेबाबाहेर राहतात आणि तालुक्याचं चित्र कागदावर सुधारतं.

यावर कुणी म्हणेल, कुपोषणाचे निकष जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत, त्यात शीट करणाऱ्याची मर्जी कुठे आली? शिवाय 2021 पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅप आहे; वजन-उंची भरली की श्रेणी तेच ठरवतं. मुलापुरतं हे खरं आहे. पण बीटवार, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटानुसार, गोषवारा करताना पुष्कळदा तयार ‘कलर स्केल’ वापरली जाते आणि ती कोणताच निकष पाळत नाही. यादीतली सर्वांत वाईट किंमत लाल, सर्वांत बरी हिरवी, मधली पिवळी, एवढंच तिला कळतं. समजा, बीटांमधलं सॅमचं प्रमाण 6 ते 12 टक्के आहे. 6 टक्क्यांचं बीट हिरवं दिसेल. पुढच्या महिन्यात सगळीकडे दुप्पट झालं, तरी शीटचे रंग तसेच राहतील. पायांवर सूज असलेलं मूल तर वजनाला भारी भरतं. निकषांनुसार ते थेट तीव्र कुपोषित, पण सुजेचा रकानाच नसेल तर कोणताही रंग त्याला शोधू शकत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. आढावा बैठकीत ओळ न् ओळ कोण वाचणार? रंग त्यासाठीच तर असतात. हे मान्य, आणि म्हणूनच नियम नेटके हवेत. रकान्यात आकड्याशिवाय काही भरताच येणार नाही, असं डेटा व्हॅलिडेशन लावावं. रिकाम्या कप्प्याचा नियम यादीत सर्वांत वर ठेवावा, कारण नियम एकमेकांशी भिडले की वरचा जिंकतो. आणि त्याला जांभळ्यासारखा वेगळा रंग द्यावा. कारणाचा रकाना शेजारी असावा: स्थलांतर, गैरहजर की काटा बंद. श्रेणी अक्षरांतही लिहावी, कारण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल-हिरवं सारखंच करडं होतं. लाल कप्पा उपचार कुणाला हवेत ते सांगतो, तर जांभळा कप्पा कुणाला अजून गाठायचं आहे ते. पर्यवेक्षिकेने दौरा आखताना दोन्ही याद्या हाताशी ठेवायला हव्यात.