गोतोचा वारा आणि मच्छीमारांची रजामंदी

जपानमधील नागासाकी प्रांतातल्या गोतो बेटांलगत २०१३ साली २ मेगावॉट क्षमतेची जी तरंगती पवनचक्की उभी राहिली, तिच्या पाण्याखालील पोलादी-काँक्रीटच्या स्तंभाभोवती मासे जमताना दिसू लागले, आणि हे दृश्य स्थानिकांच्या साशंकतेला कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा अधिक समर्पक उत्तर होते. तथापि किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क तेथे मच्छीमार सहकारी संस्थांकडे असल्यामुळे त्यांची रजामंदी अपरिहार्यच असते. एप्रिल २०१९ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने अशा पवनऊर्जा प्रकल्पांसाठी समुद्रक्षेत्राचा ताबा ३० वर्षांपर्यंत देण्याची तरतूद केली. परंतु क्षेत्र मुक्रर करण्यापूर्वी मासेमारीस बाधा पोहोचणार नाही, अशी खातरजमा आवश्यक ठरवून मच्छीमारांच्या प्रतिनिधींना विचारविनिमयाच्या परिषदेत सरकारी अधिकाऱ्यांच्या बरोबरीने स्थान दिले, हेच या कायद्याचे खरे मोल होय. त्यानुसार पहिले क्षेत्र डिसेंबर २०१९ मध्ये गोतोचेच जाहीर झाले.