ठिपक्यांची अक्षरे

अक्षर म्हणजे रेघ, अशी आपली समजूत असते. परंतु अकोला, बडनेरा अशा स्थानकांवर गाडीची माहिती देणारी दिव्यांची पाटी पाहावी. तेथे रेघ नाहीच. आडव्या-उभ्या ओळींत बारीक दिवे बसविलेले. काही पेटतात, काही विझलेले राहतात, आणि अक्षर जुळविण्याचे काम आपला डोळा करतो. ठिपक्यांच्या रांगोळीशी याचे नाते आहे. भेद इतकाच की, रांगोळीत ठिपका हा आधार असतो, येथे ठिपका हेच अक्षर.

रोमन लिपीचे मोठे अक्षर पाच ठिपके रुंद व सात उंच, म्हणजे पस्तीस ठिपक्यांत भागते. देवनागरीचे तसे नाही. अकोला व बडनेरा यांच्यामधील मूर्तिजापूर हेच नाव घ्या. ‘मू’ व ‘पू’ यांचे ऊकार खाली उतरतात. ‘र्ति’मध्ये वेलांटी आणि रफार दोन्ही शिरोरेषेवर येतात. सात ओळींत हे कोंबले तर रफार वेलांटीत बुडालाच. आमच्या हिशेबाने वरच्या चिन्हांस चार, शिरोरेषेस एक, अक्षराच्या अंगास आठ व उकारांस तीन, अशा सोळा ओळी तरी हव्यात.

अनुस्वार तर मुळातच एक ठिपका. तो शिरोरेषेस चिकटला की हरवला. ‘रंग’चा ‘रग’ होतो, अमरावतीकरांच्या ‘अंबा’ एक्सप्रेसची ‘अबा’ होते! म्हणून अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्यामध्ये एक ओळ रिकामी सोडलीच पाहिजे.

यंत्रासाठी लिपीने अंग चोरावे, हा आग्रह जुनाच आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळी जोडाक्षरांसाठी निराळे खिळे ओतावे लागत, आणि खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाई. छपाई सुलभ व्हावी म्हणून सावरकरांनी लिपिसुधारणेत ‘अ’चीच बाराखडी सुचविली. त्या काळी त्यास सबळ कारण होते. ठिपक्यांच्या बाबतीत ते उरले नाही. नवे जोडाक्षर हवे असल्यास काही ओतावे लागत नाही. कोणते ठिपके पेटवायचे एवढेच ठरवावे लागते. मग मात्रा छाटण्यास सबब कोणती?

आज संगणकाचे पडदे इतके सूक्ष्म झाले आहेत की तेथे ठिपका दिसतही नाही. तरीही जुन्या यंत्रांची आठवण देणारी ही अक्षरे जाहिरातींसाठी, मुखपृष्ठांसाठी हौसेने घडविली जातात. हौस चांगली, मात्र पथ्य सांभाळावे. ही अक्षरे मथळ्यासाठी आहेत. मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत, दुरून ती शोभतात. सलग मजकुरात मात्र ठिपक्यांमधील फटी डोळ्यांस अडवतात.

असा टंक घडविणाऱ्याने ‘कमल’ लिहून समाधान मानू नये; त्यात शिरोरेषेच्या वर काही नाही, खालीही काही नाही. त्याने ‘मूर्तिजापूर’ लिहावे आणि वीस पावले मागे जाऊन वाचावे. तेथून रफार दिसला तर टंक मराठीचा झाला, असे आम्ही समजू.