महाराष्ट्रातील देशी व रुळलेल्या वृक्षांची ओळख

देशी व रुळलेल्या वृक्षांची ओळख म्हणजे रानात, माळावर किंवा गावाबाहेर आपोआप वाढलेला वृक्ष कोणत्या जातीचा आहे हे त्याच्या लक्षणांवरून ठरवणे आणि ती जात त्या प्रदेशातील मूळची आहे की बाहेरून येऊन तेथे स्थिरावलेली आहे, याचा निर्णय करणे होय. या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. पहिलीचे उत्तर पान, साल, फूल व फळ यांच्या निरीक्षणातून मिळते. दुसरीचे उत्तर केवळ झाड पाहून मिळत नाही. त्यासाठी त्या जातीचे मूळ प्रसारक्षेत्र माहीत असावे लागते. वृक्ष जुना, विशाल किंवा लोकजीवनात मुरलेला असणे हा तो देशी असल्याचा पुरावा ठरत नाही.

संज्ञा

देशी वृक्ष: मानवी हस्तक्षेपाशिवाय त्या प्रदेशात आढळणारी जात. उदा. ऐन, किंजळ, पळस, धावडा, खैर, मोह, बहावा.

लागवडीचे वृक्ष: माणसाने लावल्यामुळेच दिसणारे वृक्ष. गुलमोहर मूळचा मादागास्करचा असून महाराष्ट्रात तो मुख्यतः लावलेलाच आढळतो. देशी जातही लागवडीची असू शकते. वनखात्याने रांगेत लावलेला साग हे याचे उदाहरण होय.

रुळलेले वृक्ष: बाहेरून आणलेली, परंतु आता लागवडीशिवाय पिढ्यानपिढ्या बी धरून वाढणारी जात. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेले सीताफळ दख्खनच्या कोरड्या टेकड्यांवर अशा प्रकारे वाढते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू गोवा व कोकणातील डोंगरउतारांवर रुजला आहे.

आक्रमक वृक्ष: रुळल्यानंतर वेगाने पसरून स्थानिक वनस्पतींची जागा व्यापणारी जात. वेडी बाभूळ हे याचे ठळक उदाहरण आहे. रुळलेली प्रत्येक जात आक्रमक असतेच असे नाही.

ओळखीची लक्षणे

पान: पान साधे आहे की संयुक्त, समोरासमोर आहे की एकाआड एक, हे प्रथम पाहतात. पळस व पांगारा या दोहोंची पाने त्रिदली असतात. मात्र पळसाची पर्णिका जाड व चिवट असते, तर पांगाऱ्याची पातळ असून त्याच्या फांद्यांवर काटे असतात. ऐनाच्या पानाच्या मागील बाजूस देठाजवळ सहसा दोन ठळक ग्रंथी असतात.

साल: पानगळीच्या काळात साल हाच मुख्य आधार असतो. ऐनाची साल काळपट व खोल भेगांची असून तिचे चौकोनी तुकडे मगरीच्या पाठीसारखे दिसतात. अर्जुनाची साल गुळगुळीत व फिकट असून तिचे पापुद्रे निघतात. कांडोळाचे पांढरे खोड उन्हाळ्यात दुरूनही ओळखू येते.

फूल व फळ: जातीचा निर्णय बहुधा यांवरूनच पक्का होतो. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, तर किंजळाच्या फळाला एक मोठा व दोन लहान पंख असतात. पावसाळ्यानंतर तांबूस फळांनी लगडलेला किंजळ ऐनापासून लांबूनच वेगळा काढता येतो.

ऋतू: एकाच भेटीत सर्व लक्षणे दिसत नाहीत. पळस, पांगारा व काटेसावर साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण अवस्थेत फुलतात. बहावा एप्रिल-मे महिन्यांत फुलतो. म्हणून एकच झाड निरनिराळ्या ऋतूंत पाहणे उपयुक्त ठरते.

सारखे दिसणारे वृक्ष

बाभूळ व वेडी बाभूळ: दोन्ही काटेरी आहेत. देशी बाभळीची फुले पिवळ्या गोंड्यांच्या रूपात येतात व तिची शेंग मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक बीजानंतर आवळलेली असते. मूळच्या अमेरिकेतील वेड्या बाभळीचे फुलोरे लांबट व फिकट पिवळे असतात. तिची शेंग पिवळसर असून अशी आवळलेली नसते. सुबाभूळ याच खंडातून आली असून तिला काटे नसतात व गोंडे पांढरे असतात.

ऑस्ट्रेलियन बाभूळ: हिची लांबट, कोयत्यासारखी ‘पाने’ वस्तुतः चपटे झालेले देठ असतात. खरी संयुक्त पाने फक्त कोवळ्या रोपावर दिसतात.

शिरीष व वर्षावृक्ष: देशी शिरीषाची फुले हिरवट-पिवळसर असतात, त्याच्या पातळ, चपट्या शेंगा वाळल्यावर वाऱ्याने खुळखुळतात. अमेरिकेतून आलेल्या वर्षावृक्षाची फुले गुलाबी-पांढरी व शेंगा जाड, गोडसर गराच्या असतात. ‘विलायती शिरीष’ असेही त्याला म्हणतात.

काटेसावर व पांढरी सावर: दोहोंची पाने पंजाच्या आकाराची असतात. देशी काटेसावरीची फुले मोठी, बहुधा लाल असतात व कोवळ्या खोडावर शंक्वाकृती काटे असतात. पांढऱ्या सावरीची फुले लहान व फिकट असतात आणि तिच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात.

करंज व गिरिपुष्प: देशी करंजाची शेंग आखूड, टणक व बहुधा एका बीची असते. गिरिपुष्पाची शेंग लांब, चपटी व अनेक बियांची असून वाळल्यावर तडकते. हिवाळ्याच्या अखेरीस त्याच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी फुलांनी भरतात. त्याला उंदीरमारी असेही म्हणतात.

नावांमुळे होणारी दिशाभूल

वृक्षाचे नाव हा त्याच्या मूळस्थानाचा विश्वसनीय पुरावा नाही. चिंचेचे शास्त्रीय नाव टॅमरिंडस इंडिका असून त्यातील पहिला शब्द ‘हिंदी खजूर’ या अर्थाच्या अरबी नावावरून आला आहे. प्रत्यक्षात हा वृक्ष मूळचा उष्णकटिबंधीय आफ्रिकेतील आहे. सिंगापूर चेरीचे मूळस्थान सिंगापूर नसून उष्णकटिबंधीय अमेरिका आहे. विलायती चिंचही त्याच खंडातील असून ती चिंचेच्या प्रजातीतील नाही.

स्थानावरून मिळणाऱ्या खुणा

एका जातीची निरनिराळ्या वयांची झाडे व रोपे विखुरलेली असतील, तर ती तेथे आपोआप वाढत असल्याचे अनुमान करता येते. एकाच वयाची झाडे सरळ रांगेत असतील, तर ती लागवड असण्याची शक्यता अधिक असते. जंगलात एकत्र आढळणारी आंबा व चिंचेची जुनी झाडे कधीकधी उठून गेलेल्या वस्तीची खूण असतात. मुंबई-वसई परिसरातील अवाढव्य गोरखचिंच मूळची आफ्रिकेतील आहे. ती कितीही पुरातन असली, तरी तिच्याभोवती रोपे सहसा आढळत नाहीत. ती परदेशी व जुनी आहे, पण त्या अर्थाने रुळलेली नाही.

महत्त्व

दख्खनची माळराने उजाड नसून तो गवताळ अधिवास आहे. वेडी बाभूळ तेथे पसरल्यास माळढोक, काळवीट यांसारख्या उघड्या माळावर जगणाऱ्या प्राण्यांची जागा घटते. अशी झाडे काढताना ओळख चुकल्यास देशी बाभूळ व हिवर यांच्यावरही कुऱ्हाड चालू शकते. वृक्षारोपणातही हाच प्रश्न येतो. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पामुळे हिरवाई लवकर आली, परंतु मूळची गवते व काटेरी झुडपे यांची जागा त्याने व्यापली.

तथापि, परदेशी म्हणजे निरुपयोगी असे समीकरण मांडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, खैर व मोह यांच्या जोडीला चिंचेचाही समावेश आहे. त्यामुळे झाड राखायचे की काढायचे, हा निर्णय त्याचे मूळस्थान आणि त्या जागेवरील त्याचे वर्तन या दोहोंवरून घेणे इष्ट असते.

नोंद करताना

नोंदीत ठिकाण, तारीख, जमिनीचा प्रकार व आसपासची रोपे यांचा उल्लेख करतात. छायाचित्रावरून ओळख सुचवणारी मोबाईल ॲप उपयोगी पडतात. मात्र एकट्या पानाचे छायाचित्र पुरेसे नसते. पानाची मागील बाजू, साल, फूल व फळ यांचीही छायाचित्रे घ्यावी लागतात. फांद्या न तोडता खाली पडलेली पाने व फळे तपासणे योग्य ठरते. बिब्ब्यासारख्या वृक्षाच्या चिकाने त्वचेवर फोड येतात, म्हणून अनोळखी झाडाचा चीक हाताळू नये.

हे सुद्धा पहा

देवराई
पानझडी वन
माळरान
सामाजिक वनीकरण