"पाणी प्यालं की जातंय की सगळं?"

सकाळी 6:30. ओट्यावर ताट, ताटात शेंगदाणे. सासूबाई काळपट, सुरकुतलेले दाणे एकेक करून बाजूला काढतायत. शेंगदाण्यातल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, मुख्यतः यकृताला बाधतं. माझा दिवस जातो अशाच दुसऱ्या बुरशीविषामागे, ऑक्राटॉक्सिनमागे. त्याचा रोख मूत्रपिंडावर.

9:00. सांगलीतली प्रयोगशाळा. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधून बेदाण्याचे नमुने आलेत. प्रत्येक नमुना युरोपला जाणाऱ्या मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचा थोडा थोडा उचललेला, मिळून दहा किलो. एवढा कशाला, असं नवीन मुलं विचारतात. विष मालात सारखं पसरलेलं नसतं म्हणून. द्राक्षाचा एखादा मणी चिरलेला असतो, त्यात काळी बुरशी शिरते. शेडमध्ये सुकत असताना अवकाळी पाऊस आला की तिचं फावतं. शेजारचे मणी स्वच्छ. मूठभर नमुन्यात तो एक मणी सापडायचा कसा?

10:30. बेदाणा पाणी घालून दळायचा. कोरडा दळायला गेलं तर पात्याला गोळा चिकटून बसतो. तपकिरी, काकवीसारखा वास येणारा लगदा चमच्यावरून सलग ओघळेपर्यंत मी यंत्र थांबवत नाही.

12:00. दिवसातला सगळ्यात नाजूक तास. बोटाच्या पेराएवढ्या नळीत अँटिबॉडी भरलेल्या असतात, त्या लगद्याच्या अर्कातलं ऑक्राटॉक्सिन तेवढं धरून ठेवतात. अर्क वरून सोडायचा, सेकंदाला एखादा थेंब. घाई केली की विष हाती न लागताच वाहून जातं आणि माल उगाच स्वच्छ दिसतो. म्हणून या तासाला मी फोन उचलत नाही.

1:30. डबा उघडला तोच फोन. माल ज्यांचा, ते बागायतदार काका. रिपोर्टचं विचारून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, एक विचारू? भरपूर पाणी प्यालं की लघवीतून जातंय की सगळं?"

"नाही हो काका."

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला नीट द्यायचं होतं. जेवण बाजूला ठेवलं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. पण रक्तातलं 99 टक्क्यांहून जास्त ऑक्राटॉक्सिन अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट बिलगलेलं असतं, आणि अल्ब्युमिन गाळणीतून सहसा जात नाही. मग मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी पुढे होतात. रक्तातले नको ते पदार्थ ओढून लघवीत टाकायला त्यांच्याकडे खास वाहक प्रथिनं असतात. त्याच वाटेने हे विष पेशीत शिरतं. थोडं लघवीत उतरतं, पण त्यातलंही काही पुढची नळी परत शोषून घेते. बाहेर काढायला उघडलेल्या दारातूनच ते आत येऊन बसतं, हे मला दर वेळी जिवाला लागतं. एका स्वयंसेवकावरच्या प्रयोगात ते रक्तात निम्मं व्हायला सुमारे 35 दिवस लागले. पाण्याने लघवी वाढते, हे विष धुतलं जात नाही.

"मग आतली पेशी काय करती?"

या विषाच्या रेणूत फेनिलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. पेशीला प्रथिनं बांधायला तेच लागतं, त्यामुळे त्या कामात अडथळा येतो. डेन्मार्कच्या कत्तलखान्यांत डुकरांची फिकट, सुजलेली मूत्रपिंडं सापडायची. 1970च्या दशकातल्या संशोधनाने त्याचा माग बुरशी लागलेल्या बार्लीपर्यंत नेला. माणसांबाबतचा पुरावा अजून इतका ठोस नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1993 साली या विषाला 'कर्करोगाची शक्यता आहे' या गटात ठेवलं. हेही मी काकांना सांगितलं. भीती घालून माल सुधारत नाही.

4:00. यंत्राच्या पडद्यावर रेघ सपाट चालते आणि ठरलेल्या मिनिटाला उंचावते. तो उंचवटा म्हणजे ऑक्राटॉक्सिन. युरोपची मर्यादा किलोमागे 8 मायक्रोग्रॅम. पहिले तीन नमुने आरामात आत. चौथा काकांचा. उंचवटा मर्यादेला टेकलेला.

5:30. काकांना फोन लावला. रिपोर्ट आज देत नाही, उरलेल्या लगद्याचा उद्या दुसरा अर्क काढते, म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "फेब्रुवारीतल्या पावसात भिजलेले रॅक वेगळे ठेवायला पाहिजे होते, होय?"

"हो काका."

"वरच्या दोन रॅकचाच माल भिजलेला. त्याच्या पेट्यांवर खूण हाय."

"मग त्या पेट्यांचा नमुना वेगळा पाठवा. सकाळी नऊच्या आत."