आवाजाच्या पुढे धावणारी तुकडी

पलीकडच्या बांधावर कोणी कुऱ्हाडीने लाकूड फोडत असेल तर नीट बघा. कुऱ्हाड खाली आलेली आधी दिसते. 'ठक्' असा आवाज मागून येतो. असे का होते? आवाजालाही चालत यावे लागते. तो एका सेकंदात सुमारे 340 मीटर चालतो. म्हणजे तासाला 1,200 किलोमीटरच्या आसपास. आपल्या मानाने हे पुष्कळ झाले. पण माणसाने आवाजाला मागे टाकणारे विमान बनविले. आपल्या देशात असे विमान ज्या तुकडीला सर्वांत आधी मिळाले, त्या तुकडीची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत.

हवाई दलात लढाऊ विमानांच्या तुकडीला स्क्वाड्रन म्हणतात. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमाने असतात. तिचा प्रमुख त्या काळी बहुधा विंग कमांडर या हुद्द्याचा असे. विमान उडविणारे थोडेच. एका वैमानिकामागे कितीतरी माणसे जमिनीवर राबत असतात. कोणी इंजिन तपासतो, कोणी तेल भरतो, कोणी दारूगोळा चढवतो. रात्री कंदील घेऊन बैल तपासणारा शेतकरी आणि पहाटे विमान तपासणारा मिस्त्री, दोघांची काळजी एकच. सकाळी काम अडायला नको.

आपल्या तुकडीचा क्रमांक 28. ती मार्च 1963 मध्ये चंडीगढला उभी राहिली. तिला मिळालेले विमान होते मिग-21. मिग म्हणजे आपला मिरग नव्हे बरं! हे विमान रशियात तयार झाले. मिकोयान आणि गुरेविच अशा दोघांनी तिथे विमाने आखण्याचे काम सुरू केले होते. त्यांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून मिग हे नाव झाले.

हे विमान आपण का घेतले? त्या सुमारास पाकिस्तानला अमेरिकेकडून स्टारफायटर नावाची अतिवेगवान विमाने मिळाली होती. आपल्याजवळ त्या तोडीचे काही नव्हते. रशियाने नुसते विमान देऊ केले नाही, ते आपल्या देशात बनविण्याची विद्याही देऊ केली. 1962 साली तसा करार झाला. आमच्या मते करारातली मोठी गोष्ट हीच. विकत घेतलेले बी एका हंगामाला पुरते. बी कसे धरायचे ते कळले की दर हंगामाला पुरते.

मग सात वैमानिक शिकायला गेले. त्यांचे प्रमुख होते विंग कमांडर दिलबाग सिंग. हेच पुढे हवाई दलाचे सरसेनापती झाले. शिक्षण होते लुगोवाया येथे. ही जागा आज कझाकस्तान देशात आहे. ऐन थंडीचे दिवस, भाषा परकी. विमानातली घड्याळे सुद्धा वेगळी. आपल्या वैमानिकांना उंची फुटांत आणि वेग मैलांत वाचायची सवय होती. इथे सगळे मीटर आणि किलोमीटर. हवाई दलातले कसलेले गडी ते, पण त्यांना पुन्हा पाटी घेऊन बसावे लागले.

पहिली सहा विमाने खोक्यांत भरून बोटीने मुंबईला आली. सांताक्रूझच्या विमानतळावर ती जोडली आणि तेथून चंडीगढला उडवत नेली. म्हणजे या विमानाने भारतात पहिली झेप घेतली ती आपल्या महाराष्ट्राच्या भुईवरून.

उंचावर गेले की मिग-21 तासाला 2,000 किलोमीटरहून अधिक वेगाने जाई. वाशीम ते अकोला हे अंतर सुमारे 80 किलोमीटर. एसटीला दीड-दोन तास लागतात. मिग त्या वेगात असेल तर अडीच मिनिटेही नकोत. पण हा वेग फार वेळ टिकत नसे, कारण त्या धावेत इंजिन घटाघटा तेल पिई. टाकी लहान, तहान मोठी. उतरताना सुद्धा हे विमान तासाला 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेके. ते थांबविण्यासाठी शेपटीकडून छत्री उघडावी लागे.

1965 च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली. तेव्हा या तुकडीजवळ विमाने मोजकीच होती, आणि नवीही. त्यांतल्या काहींना तोफच नव्हती. आखणाऱ्यांना वाटले होते, आता अग्निबाण आले, तोफ कशाला हवी? हा अग्निबाण उष्णतेच्या मागे लागतो. पुढच्या विमानाच्या इंजिनाची धग ओळखून तो धावतो. 4 सप्टेंबरला विंग कमांडर वोलेन यांनी शत्रूच्या सेबर विमानावर असा बाण सोडला. सेबर जमिनीलगत उडत होते. खाली तापलेली जमीन आणि तिच्यावर तापलेले विमान, यांत बाणाला धड निवड करता येत नाही. तो जमिनीवर जाऊन आदळला. सेबर निसटले. दोनच दिवसांनी पठाणकोटच्या तळावर शत्रूची विमाने आली आणि उभी असलेली दोन मिग जळाली.

सुरुवात अशी फार चांगली झाली नाही. पण त्यातून शिकणे झाले. मिगच्या पोटाखाली तोफ बसविण्याची सोय करण्यात आली. आणि इकडे आपल्या नाशिकजवळ ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला होता. विमानाचे अंग ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, विजेची नाजूक यंत्रे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. आधी रशियाहून आलेले भाग जोडले. मग एकेक भाग इथेच होऊ लागला. निफाड तालुक्याच्या त्या भागातली शेतकऱ्यांची पोरे यंत्रावर बसून विमानाचे पत्रे कापू लागली. पुढे देशात सहाशेंहून अधिक मिग-21 तयार झाली.

1971 साली 28 क्रमांकाची तुकडी आसामात होती. डिसेंबरात लढाई पेटली. पूर्व पाकिस्तानची, म्हणजे आजच्या बांगलादेशाची राजधानी ढाका. तिथल्या तेजगाव तळावर शत्रूची सेबर विमाने होती. विमानामागे धावत बसण्यापेक्षा त्याची वाटच मोडावी, असे ठरले. विमानाला उडण्यासाठी गुळगुळीत लांब धावपट्टी लागते. आपल्या मिगांनी 500 किलोचे बॉम्ब टाकून तिला मोठमोठे खड्डे पाडले. खड्डे बुजवावेत तोवर पुन्हा बॉम्ब. विमाने धड असूनही शत्रूला उडता येईना. पुराने रस्ता वाहून गेला की गाडी आणि बैल धट्टेकट्टे असूनही दारातच उभे राहतात, तशी गत झाली.

मग आला 14 डिसेंबर. ढाक्यात त्या दिवशी तिथल्या गव्हर्नरांची महत्त्वाची बैठक भरणार, अशी खबर आपल्याला लागली. गुवाहाटीच्या तळावर विंग कमांडर बिश्नोई यांना हुकूम मिळाला. वेळ अगदी थोडा. शहरातली एक इमारत नेमकी शोधायची, तर लष्करी नकाशा त्या कामाचा नव्हता. मिळाला तो प्रवाशांसाठी छापलेला ढाक्याचा साधा नकाशा. त्यावरून जागा हेरली. बिश्नोई विमानात बसून निघणार, एवढ्यात एक अधिकारी चिठ्ठी घेऊन धावत आला. बैठक सर्किट हाऊसमध्ये नाही, गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आहे! बिश्नोईंनी तिथेच नकाशा उघडून नवी जागा पाहिली आणि झेप घेतली. ती चिठ्ठी दोन मिनिटे उशिरा आली असती तर बॉम्बगोळे भलत्याच छपरावर पडले असते. त्या छपराखाली कोण होते, देव जाणे.

चार मिगांनी मोठा घुमट असलेली ती इमारत शोधून काढली आणि रॉकेटे मारली. पुढे आणखी विमानेही येऊन गेली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला आणि रेडक्रॉसच्या आसऱ्याला एका हॉटेलात गेले. 16 डिसेंबरला ढाक्यातील पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. लढाई काही एका तुकडीने जिंकली नाही. भूदल चालत, नद्या ओलांडत ढाक्याच्या वेशीपर्यंत आले होते. पण गव्हर्नरांचे सरकार त्या दिवशी मोडले, हे खरे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिग-21 फार वर्षे वापरले गेले, साठांहूनही जास्त. त्याचे चारशेंहून अधिक अपघात झाले आणि पुष्कळ तरुण वैमानिक गेले. 17 सप्टेंबर 2001 ला राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा मराठी तरुण असाच गेला. तो दुसऱ्या तुकडीचा. त्याची आई कविता गाडगीळ यांनी उघडपणे विचारले, की दोष प्रत्येक वेळी वैमानिकाचाच कसा? यंत्राचा, शिकवण्याचा काहीच नाही का? सैन्याला प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याशी वैर, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. लेक दिलेल्या आईने विचारायचे नाही, तर मग कोणी?

28 क्रमांकाच्या तुकडीने मिग-21 आधीच सोडले होते. 1987 साली तिला मिग-29 हे नवे विमान मिळाले, आणि ते मिळाले आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावर. याला दोन इंजिने. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर घरी येता येते. हवाई दलाने त्याचे नाव ठेवले 'बाज'. 1999 साली कारगिलला बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची राखण करण्याचे काम मिग-29 विमानांनी केले. पुढे ही तुकडी गुजरातेत जामनगरला गेली. विमान बदलले तरी तुकडीने आपले जुने नाव सोडले नाही: 'फर्स्ट सुपरसॉनिक्स', म्हणजे आवाजाच्या पुढे जाणारे पहिले.

मिग-21 ला हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी निरोप दिला. समारंभ झाला चंडीगढला, जिथे ही तुकडी उभी राहिली होती तिथेच. ओझरच्या कारखान्यातले काम काही थांबले नाही. मिगनंतर तिथे सुखोई विमाने झाली. निरोपानंतर तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, तिथे तयार झालेले पहिले तेजस विमान आकाशात गेले. तेजसची आखणी मात्र आपल्याच देशातली आहे.