मुलींना पडू द्या, उठू द्या

लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि तिथल्या मुली त्या बर्फावर आइस हॉकी खेळतात. २०२५ च्या आशिया कपमध्ये भारतीय महिलांनी कांस्यपदक मिळवले. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्याच.

या खेळात आधी शिकायचे ते पडणे. गुडघे वाकवून, नजर समोर ठेवून उभे राहायचे. तोल गेला तर आणखी खाली वाकून कुशीवर पडायचे आणि मुठी मिटायच्या. पंजा टेकला तर मनगट मोडू शकते. उठताना आधी गुडघ्यांवर यायचे, मग एक पाय रोवायचा. थांबताना टाचा बाहेर, पायाची बोटे आत.

आपल्याकडे बर्फ नाही, पण चाकांचे स्केट्स आहेत. हेल्मेट आणि मनगट-गुडघ्यांचे पॅड हवेतच. हात सुजला तर चोळू नका. पुठ्ठ्याचा आधार बांधून दवाखान्यात न्या. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली तर तासभरही थांबू नका.

"हात मोडला तर लग्न कसं होणार?" हे आम्ही वस्त्यांमध्ये मुलींच्या बाबतीतच ऐकतो. मुलाबद्दल कुणी विचारत नाही. बाबासाहेबांच्या लेकींना आपण मैदान बंद करायचे नाही.